कोरी काच

आपल्या माणसाची काच आपण वाचायची नाही, असा प्रयोगशाळेचा नियम होता. धाकटीने तो कधी मोडला नव्हता. त्यात तिचं कौतुक काही नव्हतं म्हणा. मोडायची वेळच आली नव्हती. आज मात्र संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर ती सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत आतून कडी लावून बसली होती, आणि समोरच्या काचेवर तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलीच्या यकृताचा पापुद्रा होता.

काच रंगवणं हे तिचं कामच होतं. वाचायची प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी, दुसऱ्या दिवशी. रंगवून झालेल्या काचा डब्यात ठेवायला ती निघाली, आणि पाय भलतीकडेच वळले. फक्त बघते, बोलायचं कुणाशी नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

भाचीला घरात सगळे वकील म्हणत. नऊ वर्षांची पोर, पण समोरच्याला कठड्यात उभं केल्याशिवाय बोलायचीच नाही. चॉकलेट बंद केलं तेव्हा तिने डॉक्टरांना विचारलं होतं, "सगळी चॉकलेटं वाईट, की मला आवडतात तेवढीच?" मुतखड्याच्या कळांनी ती गडाबडा लोळायची आणि कळ ओसरली की पुन्हा उलटतपासणी सुरू. आता तिच्या दोन्ही किडन्या खड्यांनी भरून थकत चालल्या होत्या. यकृतातलं एक प्रथिन आपलं काम करत नव्हतं. ते काम झालं नाही, की एक आम्ल अंगात साचतं आणि त्याचे स्फटिक होतात. आज किडनीत. उद्या हाडांत, डोळ्यांत, हृदयात. हे पुढचं वकिलीणबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. थोरलीला सांगितलं होतं, आणि तेव्हापासून थोरली रात्री दिवा चालू ठेवून झोपायची.

यकृताचा तुकडा काढला त्या दिवशी धाकटी भाचीच्या खाटेशी बसली होती. पोरीच्या हातात पाण्याची बाटली. सतत पाणी पीत राहायचं, हा तिचा डॉक्टरांनी लावून दिलेला उद्योग.

"मावशी, प्रथिनाला कसं कळतं कुठे जायचं?"

"त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. त्यातलेच काही मणी म्हणजे पत्ता. कुणाचा डोक्याकडे, कुणाचा शेपटीकडे. तुझ्या प्रथिनाचा पत्ता शेपटीला आहे, शेवटचे तीन मणी. ते म्हणतात, मला छोट्या गोल पिशवीत न्या."

"मग माझे ते मणी पडलेत?"

"नाही गं, शेपटी चांगली आहे. आमचा असा अंदाज आहे की डोक्याकडे एक खोटा पत्ता उमटलाय. तो म्हणतो, मला भट्टीत न्या."

"कुठली भट्टी?"

"पेशीला ताकद पुरवणारी. लांबट असते, दोऱ्यासारखी. माळ तयार होताना डोकं आधी बाहेर येतं. भट्टी ते डोकं पकडते आणि माळ आत ओढते. शेपटीपर्यंत कुणी थांबतच नाही."

"आणि तिथे ते काम करत नाही?"

"करतं, पण जिथे कामच नाही तिथे करून काय उपयोग? गरज आहे ती पिशवीत."

वकिलीणबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "मग माळेने नाही म्हणावं. मी नाही येणार म्हणावं."

धाकटीला हसू आलं. "म्हणू शकते की. पटकन गुंडाळी करून बसली, तर भट्टीच्या दारातून आत जात नाही. तुझी माळ गुंडाळायला उशीर करते. ती पिवळी गोळी घेतेस ना, ती तिला पटकन गुंडाळायला लावते."

"गोळी तर मी घेतेच आहे. मग मला कापणार कशाला?"

धाकटीने तिच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. खाटेच्या पलीकडे थोरली खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिची पाठ ताठ झालेली धाकटीला दिसली.

कारण सगळं तिथेच अडलं होतं. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाची एक चुकीची प्रत पोरीला आईकडून मिळाली होती. ती डॉक्टरांच्या ओळखीची होती, तिच्यातून प्रथिन बनतच नाही. दुसरी बापाकडून आलेली. ती मात्र आजवर कुणी पाहिली नव्हती. त्या दुसऱ्या प्रतीतून प्रथिन बनून चुकीच्या जागी जात असेल, तर गोळीने ते वळवता येईल, निदान आशा आहे. बनतच नसेल, तर गोळी म्हणजे नुसतं पाणी. मग बापाच्या यकृताचा तुकडा पोरीला लावायचा, आणि किडनीची सोय त्यानंतर बघायची. दोघंही एकाच दिवशी टेबलावर. किडन्या थकल्यामुळे लघवीच्या तपासणीवरूनही गोळीचा गुण कळेना. म्हणून यकृतात डोकावून बघायचं ठरलं: प्रथिन आहे का, आणि असलं तर कुठे आहे.

रंगवल्यावर प्रथिन हिरवं चमकतं: हिरवे ठिपके दिसले, तर प्रथिन पिशवीत. हिरवे दोरे दिसले, तर भट्टीत. काहीच दिसलं नाही, तर काहीच नाही.

अंधाऱ्या खोलीत धाकटीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

दोरे. अख्ख्या पापुद्र्यात आखूड, वळवळलेले, हिरवेगार दोरे. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. तोंडावर हात दाबून धरला होता, कारण आवाज फुटला असता. प्रथिन होतं. वाट चुकलेलं होतं, पण होतं!

बोलायचं नाही कुणाशी, हे तिने स्वतःला बजावलं होतं. पण बाहेर येऊन कोट खुंटीला अडकवताना फोन आपसूक कानाला लागला.

"ताई, प्रथिन आहे. चुकीच्या जागी आहे."

"चुकीच्या?" थोरलीचा आवाज खाली गेला.

"अगं तेच तर हवं होतं आपल्याला! चुकीच्या जागी म्हणजे गोळी लागू पडेल. उद्या मॅडम बघतील, तोवर कुणाला..."

मग थोरली रडायला लागली, आणि रडता रडताच तिने आत हाक मारली, "अहो! अहो, ऐकलंत का?"

दुसऱ्या दिवशी मॅडम नेहमीप्रमाणे वेळेवर आल्या. काच वाचायची त्यांची एक पद्धत होती. रुग्णाची काच त्या शेवटी बघत. आधी कोरी काच. कोरी म्हणजे त्याच यकृताचा दुसरा पापुद्रा, तसाच रंगवलेला. फक्त प्रथिनाला शोधून चिकटणारा पदार्थ, प्रतिपिंड म्हणतात तो, तिच्यावर घातलेला नसतो. शोधणाराच नाही, तेव्हा तिच्यावर काही चमकता कामा नये. कोरी काच काळीभोर असली, तरच पुढची खरी. नवीन आलेल्या पोरी म्हणत, मॅडम आधी अंधार तपासतात आणि मग उजेड.

धाकटी बाहेर बाटल्या धूत होती. आतून हाक आली.

"इकडे ये जरा. ही कोरीच आहे ना? अदलाबदल नाही ना झाली?"

"नाही मॅडम. मी स्वतः केलीय."

"बघ मग."

तिने डोळा लावला. दोरे. तेच, आखूड, वळवळलेले, हिरवेगार.

क्षणभर तिला काही उमगेना, आणि मग सगळं एकदम उमगलं. तिने खुर्चीची पाठ धरली.

हिरवा रंग थेट प्रथिनाला चिकटत नाही. तो चिकटतो बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाला, आणि ते बायोटिन मुद्दाम प्रतिपिंडाला डकवलेलं असतं. त्यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं कातडीच्या काचा यायच्या. कातडीत स्वतःचं बायोटिन जेमतेम. यकृतात ते खच्चून भरलेलं असतं, आणि नेमकं कुठे, तर त्या भट्ट्यांत. म्हणून यकृताच्या काचेवर ते आधी झाकून घ्यावं लागतं, तेवढी एक पायरी जास्त. धाकटीचे हात कातडीच्या सवयीने चालले होते. ती पायरी तिने केलीच नव्हती.

म्हणजे काल तिने पाहिलं ते प्रथिन नव्हतं. ते यकृताचं नेहमीचं बायोटिन होतं. तुमच्या-माझ्या, कुणाच्याही यकृतात दिसलं असतं.

"झाकलं नव्हतंस?" मॅडमनी विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली.

"होतं असं. म्हणून तर कोरी काच असते." मॅडमचा आवाज कठोर नव्हता, आणि त्यानेच तिला जास्त भीती वाटली. "थोडे पापुद्रे शिल्लक आहेत. या खेपेला मी रंगवते. तू हात लावू नकोस. राग मानू नकोस."

"नाही मॅडम."

"बरं झालं, घरी काही बोलली नाहीस ते."

धाकटी काचेकडे बघत राहिली. मॅडमनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"बोललीस?"

"काल."

मॅडमनी चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, "आत्ता जा. माझी काच होईपर्यंत थांबू नकोस. आत्ता."

वाटेत धाकटीने मनाशी कितीतरी वाक्यं जुळवली. थोडा घोळ झालाय. अजून नक्की नाही. मॅडम पुन्हा एकदा बघणार आहेत, उगीच आपलं. प्रत्येक वाक्य तिला स्वतःलाच लबाड वाटत होतं. मधेच असंही मनात आलं, की नाहीच गेलं तर? नव्या काचेवर दोरे निघालेच, तर कुणाला काही कळणारही नाही. निघतीलही. का नाही निघणार? ती एका दुकानाच्या पायरीशी थांबली आणि तिथेच उभी राहिली. लोक तिला वळसा घालून जात होते. या विचाराची तिला स्फटिकांपेक्षा जास्त भीती वाटली, आणि ती पुन्हा चालू लागली.

दार भावजींनी उघडलं. घरात गाणी लागली होती. वकिलीणबाई कोचावर बाटली घेऊन बसल्या होत्या, आणि थोरली खुर्चीवर चढून पडदे काढत होती.

"या या, मायक्रोस्कोप!" भावजी म्हणाले. ते तिला एरवीही याच नावाने चिडवत. "तुमच्यामुळे माझं पोट वाचलं बुवा. सकाळीच दवाखान्यात फोन केला. म्हटलं, यकृत द्यायच्या माझ्या सोमवारच्या तपासण्या रद्द करा, आता गरज नाही."

"रद्द केल्या?"

"केल्या की. दुसरा कुणीतरी रांगेत असेल बिचारा. त्याला तरी मिळू दे तारीख."

धाकटी दारातच उभी होती. पाय उंबऱ्याला चिकटल्यासारखे झाले होते. थोरलीने खुर्चीवरूनच वळून पाहिलं. बहिणीचा चेहरा ओळखायला तिला कधीच वेळ लागला नव्हता.

"काय झालं?"

"ताई, खाली उतर आधी."

"काय झालं ते सांग."

"मी काल पाहिलं ते चुकीचं होतं. रंगवताना माझ्याकडून एक पायरी राहिली. तो उजेड प्रथिनाचा नव्हता. प्रथिन आहे की नाही, अजून माहीत नाही."

गाणं चालूच होतं. भावजींनी जाऊन ते बंद केलं.

"माहीत नाही म्हणजे?" थोरली खुर्चीवरच उभी होती, हातात पडद्याचं टोक. "काल तर आहे म्हणालीस. मी विचारलं होतं का तुला? केला होता मी फोन? तू केलास. स्वतःहून."

"हो."

"रात्री मी झोपले गं. किती दिवसांनी झोपले. दिवा बंद करून." तिचा आवाज चढला नाही. चढला असता, तर धाकटीला सोपं गेलं असतं. "हौस होती ना तुला? मीच पहिली सांगणार. लहानपणापासून तीच हौस. माझा निकालसुद्धा तूच आधी जाऊन बघून आलीस, आणि दुसरीचाच नंबर सांगितलास."

"ताई..."

"ताई नको म्हणूस मला."

कोचावरून आवाज आला, "म्हणजे मला कापणार?"

धाकटी पोरीसमोर गुडघ्यांवर बसली. तोंडाशी आलेलं 'नाही गं' तिने गिळलं.

"माहीत नाही. मॅडम नवीन काच करताहेत. त्यांचं झालं की कळेल."

"त्यांचीही पायरी राहिली तर?"

"त्या कोरी काच आधी बघतात. राहिली असेल, तर तीच सांगते."

"तू आधी का नाही बघितलीस?"

"घाबरले होते," धाकटी म्हणाली. "मला चांगलंच बघायचं होतं."

पोरीने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. वकिलीणबाईंनी प्रश्न सोडून दिल्याचं धाकटीने आजवर पाहिलं नव्हतं.

भावजी तोवर फोनवर होते. मघाशी रद्द केलेली तारीख परत हवी आहे, असं सांगत होते. पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं चाललं होतं. "हो, मीच. हो, सकाळी. नाही हो, चेष्टा नाही करत, माझी मुलगी आहे... कुणाला दिली? ...थांबतो ना, थांबतो." फोन कानाला लावून ते घरभर चकरा मारत होते. त्यांची चप्पल फरशीवर वाजत होती. थोरली खुर्चीवरून उतरली आणि पोरीला मांडीवर घेऊन बसली. एवढी मोठी पोर, तिचे पाय खाली लोंबत होते.

"तारीख गेली," भावजी शेवटी म्हणाले. "पण म्हणाले, सोमवारी उपाशीपोटी येऊन बसा. कुणी आलं नाही तर घेऊ. जाऊन बसतो."

धाकटी निघाली तेव्हा तिला कुणी 'ये' म्हटलं नाही.

पुढचे दिवस तिने कसे काढले, तिलाच ठाऊक. हातून बाटल्या निसटत. कातडीच्या साध्या काचासुद्धा ती पुन्हा पुन्हा तपासून बघायची. मॅडमनी आपलं काम दार लावून केलं. सोमवारी दुपारी भावजींचा एवढाच निरोप आला, की एकजण आला नाही, आपल्याला घेतलं. तो वाचून ती जिन्यातच खाली बसली.

मॅडमनी तिला आत बोलावलं ते मंगळवारी. या खेपेला त्यांनी तिला डोळा लावू दिला, कारण आता वाचून झालं होतं.

कोरी काच काळीभोर होती.

मग दुसरी. धाकटीने बघितलं. चाक फिरवून नीट जुळवलं. काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू सरकत गेली. दोरे नव्हते. ठिपके नव्हते. कोरी कोणती आणि ही कोणती, सांगता आलं नसतं.

"शेजारी निरोगी यकृताची लावलीय. तिच्यात ठिपके चांगले चमकतायत," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे रंगात खोट नाही. बनतच नाहीये गं. बनलं, तरी टिकत नाहीये."

पत्ता चुकायलासुद्धा आधी प्रथिन असावं लागतं. धाकटीच्या मनात एवढंच आलं, आणि ती अंधारात तशीच बसून राहिली. मॅडमनी दिवा लावायची घाई केली नाही.

थोरलीला निकाल मॅडमनीच फोनवर सांगितला. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत दोघी बहिणींचं बोलणं झालं नाही. भावजी मधून मधून कळवत: माझं यकृत पास झालं, तुमच्या बहिणीला वाटत होतं तेवढं वाईट नाही. अंगात साचलेलं आम्ल काढायला पोरीला रोज रक्त गाळणाऱ्या यंत्राला जोडत होते. तिचा चेहरा सुजला होता.

ऑपरेशनच्या दिवशी धाकटी दवाखान्यात न विचारताच गेली. चाकांची खाट बाहेर आली, तेव्हा ती भिंतीशी अंग चोरून उभी होती. पोरीनेच तिला पाहिलं.

"मावशी, बाबांकडेपण एक चुकीची प्रत आहे ना? त्यांच्याकडूनच आली ना मला?"

"हो. पण त्यांची दुसरी बरोबर आहे. एक बरोबर असली की पुरते."

"त्यांचं प्रथिन पिशवीतच जातं? कुणी बघितलं?"

"त्यांचं रक्त आणि लघवी तपासलीय. खडे कधीच झाले नाहीत."

"म्हणजे काच नाही बघितली कुणी."

"नाही."

"हं," वकिलीणबाई म्हणाल्या, आणि खाट आत गेली. तिच्यामागे भावजींची. त्यांनी जाताना धाकटीकडे बघून एका डोळ्याला नळी लावल्यासारखी मूठ धरली.

दार मिटलं. बाकावर थोरली एकटी बसली होती, दोघांचे कपडे एका पिशवीत घालून ती पोटाशी धरून. धाकटी जरा अंतर ठेवून उभी राहिली. आतून येणाऱ्या प्रत्येक आवाजाला दोघीही मान वर करत. एक परिचारिका धावत गेली, आणि कशासाठी ते कुणी सांगितलं नाही.

"तुला काय वाटतं?" थोरलीने दाराकडेच बघत विचारलं. "बरी होईल?"

'होईल' हा शब्द अगदी ओठांवर होता. बहिणीला तो हवा होता, आणि धाकटीलाही द्यायचा होता.

"मला माहीत नाही, ताई," ती म्हणाली.

थोरलीने डोळे मिटले. मग तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि बाकावर जागा केली.

"बस इथे," ती म्हणाली. "आणि आता काही सांगू नकोस."